जोमाबाबांच्या बंदुकीचं तेलपाणी

सदानंद पाटकरांच्या घरातली एकही वस्तू सहसा बिघडायला धजत नसे. मिक्सरनं जरा घरघर केली की पाटकर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर होत, आणि मग त्या मिक्सरला जे भोगावं लागे ते पाहून फ्रिजनं आणि पंख्यानं आपापली दुखणी अंगावर काढायचं ठरवलं होतं.

पण हे सगळे किरकोळ पेशंट. पाटकरांचा खरा जीव छर्ऱ्याच्या जुन्या बंदुकांत. जत्रेत फुगे फोडायला ठेवतात त्या जातीच्या. नळी मधोमध मोडायची, की आतली स्प्रिंग दबते. छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि खटका ओढायचा. स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवेला ढकलतो, हवा छर्ऱ्याला. "आमच्या ऑफिससारखंच," पाटकर सांगत, "प्रत्येकजण पुढच्याला ढकलतो. फक्त इथे शेवटी काहीतरी बाहेर पडतं." फोर्टातल्या ज्या विमा कंपनीत ते नोकरीला होते तिथे हा विनोद त्यांनी एकदाच केला होता. घरी मात्र तो आल्यागेल्याला चहाबरोबर मिळे.

तुळिंजच्या फ्लॅटच्या बाल्कनीला ग्रिल लावून त्यांनी तिचा कारखाना केला होता. मुंबईच्या जुन्या बाजारातून रविवारी एखादी परदेशी बंदूक यायची, मागचा लाकडी दस्ता उंदरांनी खाल्लेला, नळीत मातीचं घर झालेलं. मग पुढचे काही महिने त्यांच्या बायकोला, मीराला, कपडे वाळत घालायला जागा नसे. पाटकरांची एक ठरलेली पद्धत होती, तिला ते 'कन्व्हर्शन' म्हणत. फुटपाथवर मिळणाऱ्या विलायती मासिकांतून ती उचललेली. जुन्या बंदुकीत पिस्टनच्या तोंडाशी चामड्याची वाटी असते, हवा निसटू नये म्हणून. ती काढून फेकायची आणि तिथे नायलॉनचं मुंडकं बसवायचं. मेलेली स्प्रिंग काढून कडक नवी घालायची. नळीच्या टोकावर नेम धरायला जो दाणा असतो, ज्याला माशी म्हणतात, ती वाकलेली असली तर ठोकून सरळ करायची. जुनी कुडी, नवा प्राण. या बंदुकांनी पाटकरांनी आजवर एकही जीव मारला नव्हता. कबुतरांना हे ठाऊक होतं. ती ग्रिलवर बसून काम बघत.

सत्त्याण्णव साली हेमांगीनं, त्यांच्या एकुलत्या मुलीनं, आपलं लग्न ठरवलं आणि मग आईबापांना कळवलं. मुलगा कॉलेजातला, भूपेश तरे. जूचंद्रचा. घरची खाडीकाठची भातशेती, शिवाय रेती-विटांचे टेम्पो. पाटकर पुरोगामी होते. पुरोगामी माणसाला अशा वेळी काही बोलता येत नाही, म्हणून ते काही दिवस नुसतेच गप्प राहिले आणि मग जूचंद्रला बोलणी करायला गेले.

तऱ्यांच्या ओटीवर अर्धी भावकी जमली होती. मुलाचे वडील नथू तरे मोजकं बोलणारे गृहस्थ. बोलायचं काम त्यांची थोरली विधवा बहीण, चांगुणाआत्या, करत होती. तिच्यापुढे तऱ्यांच्या घरातले मिशाळ पुरुष शाळा-तपासणीला बसल्यासारखे बसले होते.

"पोरीचा बाप काय करतो?" तिनं पाटकरांच्या देखत नथूंना विचारलं.

"विमा कंपनीन हाय."

"म्हंजे मानूस मेल्यावर येतो तो."

ओटी हसली. पाटकरही हसले, कारण ते खरं होतं.

"ते ऑफिसचं झालं. हातानं काय करतो?"

"आत्या, फ्लॅटवाल्यांना हात कशाला लागतात?" एक पुतण्या म्हणाला. "त्यांना पानी पन टँकरवाला आनून देतो."

पुन्हा हशा. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या हेमांगीचा एक कान लाल झालेला पाटकरांना दिसला. आपली पोरगी या घरात येणार आणि टँकरच्या पाण्यावर वाढलेली, बिनहाताच्या बापाची पोर म्हणून येणार. भांड्याला भांडं लागलं की हे निघणार. पाटकरांनी घसा साफ केला.

"मी बंदुका दुरुस्त करतो."

ओटी गप्प झाली. चांगुणाआत्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"बंदुका?"

"छर्ऱ्याच्या. जुन्या, परदेशी." इथे थांबता आलं असतं. "कितीही मेलेली असू द्या, माझ्या हाताखालून गेली की नव्यासारखी होते."

नथू उठले, आत गेले आणि गोणपाटात गुंडाळलेली एक बंदूक घेऊन आले. नथूंचे आणि चांगुणेचे वडील जोमाबाबा, त्यांची ही बंदूक. मिठागरावरचा गोरा साहेब देश सोडताना त्यांना देऊन गेलेला. भातावरची पाखरं उठवायला ती एके काळी शेतावर जायची. आता देवघराच्या बाजूला खुंटीवर असते.

"लग्नाला लागती आमाला," नथू म्हणाले. "दस्ता हलतो, तेवढा घट करा. बाकी फकस्त तेलपानी. जास्ती काय करू नका, व्याही."

व्याही! बोलणी अजून पुरी झाली नव्हती आणि शब्द आला होता. पाटकरांनी बंदूक दोन्ही हातांनी घेतली.

लग्नाला बंदूक कशासाठी लागते हे त्यांनी विचारलं नाही. हवेत बार काढत असतील, वरात येत असेल तेव्हा. शिवाय विचारलं असतं तर आपण बाहेरचे आहोत हे पुन्हा एकदा उघड झालं असतं, आणि ओटीनं आत्ताच कुठे त्यांना आत घेतलं होतं.

*

तेलपाणी म्हणे! हृदयाच्या सर्जनला 'फक्त नाडी बघा' म्हणावं तसं ते पाटकरांना वाटत राहिलं. बाल्कनीत त्यांनी बंदूक उघडली आणि आतलं दृश्य पाहून ते करुणेनं भरून आले. स्प्रिंग म्हाताऱ्या माणसासारखी एका अंगावर वाकलेली. माशी डावीकडे कललेली. पिस्टनच्या तोंडाशी चामड्याची वाटी, ती तर कुणीतरी घरीच कापलेली: वेडीवाकडी, एका कडेला टाक्यांची भोकं, तेल पिऊन काळीकुट्ट, तव्यावर विसरलेल्या पुरीसारखी.

काही करण्याआधी त्यांनी चाचणी घेतली. त्यासाठी त्यांच्याकडे टेलिफोन डिरेक्टरी होती. स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमधल्या डिरेक्टरीवर छर्रा मारायचा आणि तो कोणत्या आडनावापर्यंत घुसतो ते बघायचं. जोमाबाबांच्या बंदुकीचा छर्रा डिरेक्टरीच्या शेजारच्या उशीला लागला. बऱ्याच प्रयत्नांनंतर एक छर्रा डिरेक्टरीवर गेला तो आगाशेंच्या दारातच पडला.

मग पाटकरांनी बाह्या सारल्या. नवघरच्या लेथवाल्याकडून नायलॉनचं मुंडकं कातून आणलं, जुन्याच स्क्रूवर ते चपखल बसलं. नवी स्प्रिंग आली. माशी सरळ झाली. नळी घासून आतून आरशासारखी केली. दस्ता घट्ट केला, हे यातलं खरं सांगितलेलं काम, ते सगळ्यात शेवटी झालं. चामड्याची वाटी त्यांनी वर्तमानपत्रावर टाकली.

"हे काय?" केर काढता काढता हेमांगीनं विचारलं.

"कचरा. टाकून दे."

तिनं ती दोन बोटांनी उचलली, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि केरात टाकली. सकाळी केर गेला.

नव्या अवताराचा पहिला छर्रा सगळे देसाई, कुलकर्णी आणि नाईक ओलांडून पाटलांच्या गर्दीत जाऊन रुतला. मीरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. डिरेक्टरी बघून म्हणाली, "त्यांनी एवढं सांगितलं होतं का?"

"सांगितलं नव्हतं," पाटकर म्हणाले, "म्हणून तर त्यांना आनंद होईल."

नथू बंदूक न्यायला स्वतः आले, येताना घरच्या वांग्यांची पिशवी घेऊन. त्यांनी दस्ता हलवून पाहिला, तो हलला नाही. मान डोलावली. नळीवरून हात फिरवला.

"बरी झाली. आतलं चामडं बाबांचं हाय, बरं का."

"बाबांचं म्हणजे?"

"म्हंजे वहान त्यांची. साहेबाचं चामडं झिजलं, नवीन कुठं भेटंना. बाबांनी सवताची उजवी वहान कापली नि घातली आत. डावी आजून हाय, देवाजवल ठेवलीया." नथू एवढं सलग बोलले ते पहिल्यांदाच. "बाबा गेले, पन बंदुकीन हवा अजून तेच कोंडतात, असं आत्या म्हनते. हाय ना आतच?"

पाटकरांना सगळं एकदम दिसलं: काळी पुरी, वर्तमानपत्र, केराचा डबा, नगरपालिकेची गाडी. सांगणं अवघड नव्हतं, एका वाक्याचं काम. पण ते वाक्य वांग्यांच्या पिशवीवरून पलीकडे न्यायचं होतं. आणि ते जूचंद्रला पोचलं की चांगुणाआत्या ओटीवर बसून त्याचं काय करेल, तेही पाटकरांना दिसलं.

"आतच आहे," ते म्हणाले. "हात नाही लावला."

पाण्याचा पेला घेऊन हेमांगी दारात उभी होती. तिनं पेला नथूंसमोर ठेवला आणि आत गेली. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज होत राहिला.

निघताना नथू चपला घालता घालता म्हणाले, "लग्नाचे दुसरे दिवशी, पूजेला, अंगनान मडका टांगतो आमी. पयली गोली व्याह्याची. तो मान हाय."

मान! त्या शब्दानं पाटकरांची लाज थोडी बाजूला सरकली. पोटात खोटं बसलं होतं, त्याच्यावर आता एखादं मोठं, नेटकं, डोळ्यांत भरणारं काम ठेवलं तर ते दबेल असं त्यांना वाटलं. नेम चुकता कामा नये. त्यांनी स्वतःची एक बंदूक काढली आणि गच्चीवर कुंभाराकडची मडकी टांगून सराव सुरू केला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली तेव्हा पाटकर म्हणाले, "मुलीच्या लग्नाची तयारी चाललीय." सेक्रेटरींना स्वतःला दोन मुली होत्या. ते खाली गेले.

*

पूजेच्या दिवशी तऱ्यांच्या अंगणात उंबराच्या फांदीला मडकं टांगलं होतं. आत हळदीचं पाणी. कनातीच्या सावलीत बायका मांडी ठोकून बसल्या होत्या, पुरुष उभे होते. हेमांगी नव्या हिरव्या साडीत, सासरच्या बायकांच्या मधोमध. मडक्यापासून बऱ्याच लांब चुन्यानं एक रेघ आखली होती. व्हिडिओवाला कॅमेरा खांद्यावर घेऊन तयार होता.

"व्याही, या!" कुणीतरी ओरडलं. "विम्याची गोली!"

"मेलेल्याला मारू नका हां!"

"फ्लॅटवाले हायेत, आधी बेल दाबतील!"

पाटकर हसले. सगळे एवढे मोकळे का हसतायत हे त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, आपल्या हातून होणार नाही असं यांना वाटतंय. त्यांनी नळी मोडली, छर्रा घातला, नळी सरळ केली. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला. मासिकात होतं तसं. खटका ओढला.

मडकं फुटलं.

फुटलं म्हणजे फांदीला नुसती दोरी आणि गळ्याची कड उरली. हळदीचं पाणी खालच्या मातीत पडलं आणि तिथे दाणे टिपत असलेली एक कोंबडी पिवळी होऊन ओरडत पळाली.

पाटकर वळले. टाळ्यांसाठी वळले, असं म्हणायलाही हरकत नाही.

कुणीही टाळ्या वाजवत नव्हतं. पुढे व्हायला निघालेला एक पुतण्या तसाच एक पाय उचलून उभा होता. बायका तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. फक्त कॅमेरा चालू होता, आणि त्या शांततेत त्याची किरकिर ऐकू येत होती.

"परत एकदा घ्यायचं का?" व्हिडिओवाला म्हणाला. "मी जरा बाजूनं घेतलं असतं."

तेव्हा भूपेश जवळ आला आणि सासऱ्याला हळूच सांगू लागला. सांगायचं राहिलं होतं याचं त्यालाच वाईट वाटत होतं. पण हे सांगायला लागतं असं त्यांच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिली गोळी व्याह्याची, ती चुकायची, मग व्याह्याची चेष्टा. मग मामा, काका, आत्या, सगळ्यांनी एकेक मारायची, सगळ्यांच्या चुकायच्या, कारण ही बंदूक नेमाला लागतच नाही. प्रत्येक फेरीला रेघ थोडी पुढे. सरकत सरकत शेवटी नवरी. ती मडक्याला नळी जवळजवळ टेकवून खटका ओढते, मडकं तिच्या हातून फुटतं, हळदीचं पाणी तिच्या अंगावर पडतं. आईचं तसंच झालं होतं, काकीचं पण. मग नवरी घरची झाली, असं म्हणतात.

"आमच्याकडे कन्यादानापेक्षा..." भूपेश म्हणाला आणि थांबला. "जाऊ द्या, बाबा."

"आता पोरगी घरची कशी व्हायची?" मागून एका बाईचा आवाज आला. हलक्या आवाजात होता, पण अंगण तेवढं शांत होतं.

"दुसरा मडका आना," एकजण म्हणाला.

"दुसरा कसा? लगीन दुसरं लावतात काय?"

पाटकरांच्या हातात बंदूक होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. आयुष्यात कुठलीही वस्तू त्यांनी इतकी चांगली दुरुस्त केली नव्हती. त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. ती मातीतल्या पिवळ्या डागाकडे बघत होती. तिची साडी कोरडी होती. सबंध अंगणात तेवढंच दिसत होतं.

चांगुणाआत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश चालत ती फुटलेल्या मडक्यापाशी गेली, मग पाटकरांपाशी आली. त्यांच्या हातातून बंदूक घेतली. नळीचा वास घेतला. आणि तिचे डोळे एकदम भरून आले.

"नथू," ती म्हणाली, "बाबा आला रं."

कुणालाच काही कळलं नाही.

"बाबाचं चामडं हाय आत. इतकी लग्नं झाली, बाबा गप होता. येक गोली लागली नाय. आज पयल्या गोलीला आला! ही पोर बाबानं सवता घरान घेतली. रांगेन उभी नाय ठेवली तिला." तिनं बंदूक छातीशी धरली आणि पाटकरांकडे वळून विचारलं, "तेच हाय ना चामडं? तुमी उघडली होती. बाबाचंच हाय ना?"

सगळं अंगण त्यांच्याकडे बघू लागलं. हेमांगीनंही मान वर केली.

ती वाटी केरात तिनं स्वतः टाकली होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती बापाकडे बघत होती आणि ती त्याला काय सांगत होती, खरं बोल की बोलू नकोस, हे पाटकरांना कधीच ठरवता आलं नाही. नंतर ते स्वतःला सांगत, की ती विनवत होती. पण असंही असेल, की ती नुसतीच बघत होती.

"तेच," पाटकर म्हणाले.

अंगणात एकदम आवाज झाला. कुणी रडलं, कुणी 'जोमाबाबा की जय' म्हणालं. चांगुणाआत्यानं वाकून मातीतली ओली हळद बोटावर घेतली आणि हेमांगीच्या कपाळाला, दोन्ही गालांना लावलं. मग ती परत फिरली आणि, कुणाला काही कळायच्या आत, पाटकरांच्या पाया पडली. त्यांच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी बाई. पाटकर मागे सरले ते फुटलेल्या खापरीवर. पायाला लागलं. लागलं ते त्यांना बरं वाटलं.

"बाबाला आनलात तुमी," ती म्हणत होती. "हात बघा, कसं हात हायेत!"

हातानं काय करतो, या तिच्या प्रश्नाचं उत्तर अशा रीतीनं तिला मिळालं.

*

लग्नाची कॅसेट जूचंद्रमध्ये घरोघर फिरली. गोळी सुटते त्या जागी लोक ती थांबवून मागे नेत आणि पुन्हा बघत. मडकं पुन्हा सांधलं जाई, पुन्हा फुटे. धुरासारखं काहीतरी दिसतं, असं कुणीतरी म्हणालं. नंतर ते सगळ्यांनाच दिसू लागलं. पाटकर लेकीकडे गेले की त्यांना खुर्ची मिळे, आणि खुर्चीवर बसलं की पाठीला टोचल्यासारखं होई. घरी बाल्कनी बंदच असायची. मीरानं तिथे पुन्हा कपडे वाळत घालायला सुरुवात केली.

दसऱ्याला निरोप आला. बंदुकीची पूजा करायची, त्याआधी तिचं तेलपाणी व्याह्यांच्या हातनं.

बंदूक आता खुंटीवर नव्हती. देवघरात पाटावर होती, लाल कापडावर, झेंडूच्या माळेत. नथूंनी ती उचलून पाटकरांच्या हातात दिली. मग फडक्यात गुंडाळलेलं आणखी काहीतरी दिलं.

"ही डावी वहान," ते म्हणाले. "उजवीचं चामडं झिजलं असंल. घाला यातनं. आत्यानंच सांगितलं. दुसऱ्या कुनाच्या हातान देयाची नाय."

आतल्या खोलीत हेमांगीनं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पाटकरांनी पेटी उघडली, पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन ते नुसतेच बसून राहिले.

"उघडा ना," ती म्हणाली.

"उघडून काय करू? आत नायलॉन आहे."

"माहितीय मला, बाबा. केर मीच टाकला."

बापलेकीत याविषयी निघालेले हे पहिले शब्द. ते इतके साधे निघाले की पाटकरांना आणखीच लाज वाटली.

"आत्या रोज माझ्याकडून हिला हळदकुंकू वाहून घेते," हेमांगी म्हणाली. "परवा चिंचोटीहून कुणी बाई आली होती, तिच्या सुनेला दिवस राहत नाहीत म्हणून. माझ्या पाया पडली. सासूबाईंना अजून विहिरीवर जावं लागतं, मला जाऊ देत नाहीत. आधी मला लाज वाटायची." तिनं दाराची कडी चाचपली. "आता सवय व्हायला लागलीय. त्याची जास्त वाटते."

पाटकरांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पुसलं. बोलण्यासारखं काही असतं तर ते अंगणात बोलायला हवं होतं.

"विघ्नेशभावजींचं ठरलंय," ती म्हणाली. विघ्नेश म्हणजे भूपेशचा धाकटा भाऊ. "मुलीचं नाव सुरुची. भेटलेय मी तिला. तिला तिचं मडकं तिच्या हातानं फोडू द्या. जुनी स्प्रिंग आहे ना?"

स्प्रिंग होती. पेटीच्या तळाशी, पाटकरांनी ती का ठेवली होती हे त्यांना सांगता आलं नसतं.

"ती घाला. नायलॉन काढा, चामडं घाला. माशी वाकवून ठेवा, होती तशी."

"पण मग बंदूक पुन्हा फुसकी होईल. म्हणतील, बाबा गेले."

"म्हणू देत."

"तुलाच म्हणतील, हेमा. तुझ्यामुळे गेले म्हणतील."

"म्हणू देत म्हटलं ना."

पाटकरांनी बंदूक उघडली. नायलॉनचं मुंडकं जुन्या स्क्रूवरून सहज निघालं, इतकं चांगलं बसवलं होतं. नवी स्प्रिंग काढली, वाकडी म्हातारी परत आत घातली. माशीला हातोडीनं एक टोला दिला. ती जरा जास्तच कलली. मग त्यांनी फडकं सोडलं. जोमाबाबांची डावी वहाण वर्षानुवर्षं कुंकू आणि धूप खाऊन लाकडासारखी झाली होती. अंगठ्याची जागा खोल गेलेली होती. तिथे एका माणसाचा सबंध अंगठा अजून होता.

त्यांनी पुढच्या भागावर वर्तुळ आखलं आणि कात्री चालवली. चामडं कोरडं होतं. आधी तेलात मुरवायला हवं, हे मासिकात होतं, आणि त्यांना ठाऊकही होतं. पण दाराला पाठ लावून मुलगी उभी होती आणि बाहेर नैवेद्य खोळंबला होता. वर्तुळ मधोमध चिरलं, अंगठ्याच्या खुणेतून. वहाणेचा पुढचा अर्धा भाग दोन तुकडे होऊन त्यांच्या मांडीवर पडला.

पाटकरांनी दोन्ही तुकडे कडेला कड लावून पाहिले.

"व्याही!" बाहेरून नथूंची हाक आली. दाराबाहेर अगदी जवळून. "पुरली काय वहान?"

पाटकरांनी तोंड उघडलं. आता सांगायचं, असं त्यांनी खरोखर ठरवलं होतं. दार उघडायचं, दोन्ही तुकडे हातात घेऊन उभं राहायचं.

"पुरली, मामा!" हेमांगीनं उत्तर दिलं.

ती क्षणभरही अडखळली नव्हती. आवाज साफ, थोडा हसरा, कामात गुंतलेल्या सुनेचा असतो तसा. पाटकरांनी तो आवाज ओळखला. तुळिंजच्या फ्लॅटमध्ये, वांग्यांच्या पिशवीसमोर, त्यांच्या स्वतःच्या तोंडून तो तसाच निघाला होता. नाकडोळे आईचे घेतलेस, असं ते तिला लहानपणी म्हणत.

बाहेर नथूंची पावलं लांब गेली. हेमांगीनं दार तसंच धरून ठेवलं होतं. तिनं बापाकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं, आणि तिचा एक कान लाल झाला होता.

"टाच आहे अजून," ती म्हणाली. "तेल कुठलं लागतं? मी आणते."

"भुईमुगाचं चालेल," पाटकर म्हणाले, आणि टाचेचा तुकडा वेगळा करायला त्यांनी कात्री पुन्हा उचलली.